मागची डावी बाजू

शेणव्याच्या जगदीशने घरच्यांसाठी एक जुनी सात सीटची गाडी घेतली. इंजिन चांगलं होतं. फक्त मागची डावी बाजू कायम दबलेली असायची, जणू तिथे कोणी जाडजूड माणूस बसलंय.

मुरबाडच्या काळूराम मेकॅनिकने आधी स्प्रिंग बदलली, मग शॉकअप बदलला. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीला भिडला. तरी गाडी शेणव्याला पोचेपर्यंत ती बाजू पुन्हा खाली आलेली असायची.

या खेपेला जगदीशने बायकोला, मीनाला, सोबत आणलं. गाडी ठेवून घ्यावी लागली तर वहिनीला घरी न्यायला म्हणून त्याची बहीण पूजा स्कूटरवरून मागोमाग आली.

"मागं रोज कोन बसतं?" काळूरामने विचारलं.

"कोनीच नाय. मी एकटाच असतो."

काळूरामने मागचं डावं दार उघडलं. आत कोणी नव्हतं. पण गाडी हळूहळू वर आली आणि दोन्ही बाजू सारख्या झाल्या.

"झाली बघा सरळ. पन आजचा दिवस राहू दे हितंच," तो हात पुसत म्हणाला. मीनाला हायसं वाटलं.

रस्त्याकडेला पूजाने स्कूटर सुरू केली. स्कूटर मागून दबली.

"वहिनी, बसलीस ना गो नीट?" तिने समोर बघतच विचारलं. उत्तर ऐकू आल्यासारखी मान हलवली आणि स्कूटर शेणव्याच्या रस्त्याला घातली.

मीना जगदीशच्या शेजारी उभी होती.