न पेरलेली भेदरं

पऱ्हाटीच्या तासांत, ओळीओळीत, कपाशीपेक्षा भेदराचीच रोपं जास्त उगवली होती. कोणी पेरली नव्हती. उत्तमरावानं तण काढायचा बैलांचा डवरा थांबवला, एक रोप उपटलं आणि चुरगळून नाकाशी धरलं. टोमॅटोचाच वास.

उन्हाळ्यात त्यानं अमरावतीहून तीन ट्रॉल्या खत आणलं होतं. शहराच्या संडासातला मैला, शुद्धीकरण केंद्रात साफ करून, वाळवून काळा भुगा केलेला. गोठ्यात ढोरं उरली नव्हती, शेणखत येणार कुठून? पण ते टाकल्यापासून निंदायला बाया येईनात. एकटी सुभद्रा आली, तीही पायात रबरी बूट घालून.

"शहरवाल्यायनं खाल्लेलं भेदरं आहे हे, भाऊ," ती म्हणाली. "पोटातून निघालं, मशिनीतून निघालं, तरी बी मेलं नाही."

"आता मरन," म्हणत उत्तमराव बैलांकडे वळला. बैल शेजारच्या पुंजारामचे, दुपारपर्यंतच मागून आणलेले.

तेवढ्यात त्याची बायको, बेबीताई, तासाच्या मधोमध येऊन उभी राहिली. आठ दिवस ती निंदता निंदता थांबायची आणि मातीत काहीतरी न्याहाळत बसायची. एकदा तिला शर्टाचं बटण सापडलं, एकदा केसांच्या पिनेचा तुकडा. दोन्ही तिनं पदराच्या गाठीत बांधली. ओल्या मातीतून खताचा वास उठला की सगळे नाक दाबत. ती दाबत नसे.

"बाजूले हो," उत्तमराव म्हणाला.

"समद्या अमरावतीचं येते का याच्यात?"

"काय?"

"खत. समद्या घरचं येते का? राजापेठ, साईनगर, इकडलं तिकडलं?"

"येतच असन. मले काय मालूम? काहून?"

"मंग राहू द्या हे."

सुभद्रानं मान खाली घातली. गावात सगळ्यांना ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वी यांची पोरगी वर्षाली आपल्या मनानं लग्न करून अमरावतीला गेली. ती कोणत्या भागात राहते, हे उत्तमरावानं कोणाला विचारू दिलं नाही. घरात तिचं नाव निघत नव्हतं.

"येडी झाली का तू? कपाशी खाऊन टाकतीन हे!"

त्यानं कासरा हलवला. बैल पुढे सरकले. बेबीताई हलली नाही. बैलांचा गरम श्वास छातीवर आला तरी ती तशीच उभी.

उत्तमरावानं बैल आवरले. शिवी तोंडाशी आली होती, ती बाहेर पडली नाही. त्यानं शेताकडे पाहिलं. या बांधापासून त्या बांधापर्यंत ती बारीक पानं हलत होती. सगळीकडे. वारा असून नसल्यासारखा होता.

तो बोलला, तेही बैलाच्या पाठीकडे पाहत.

"वर्षालीले भेदरं आवडतच नव्हते. ताटात बाजूले काढून ठेवे."

आपलाच आवाज त्याला परका वाटला. सुभद्राचं खुरपं थांबलं.

बेबीताई खाली बसली. डवऱ्याच्या पात्यानं आडवं झालेलं एक रोप तिनं उभं केलं, त्याच्या बुडाशी माती दाबली.

"लहान होती तवा," ती म्हणाली. "आता खात असन."