काठोकाठ

आम्ही किर्गिझ पाहुण्याला चहाची अर्धीच प्याली देतो, म्हणजे ती पुन्हा पुन्हा भरता येते. प्याली काठोकाठ भरली, की पाहुण्यानं काय ते समजून उठायचं.

आमच्या पेपरचे संपादक सागिनबेक बाइके (वडीलधाऱ्या पुरुषाला आम्ही बाइके म्हणतो) यांनी मला अर्धी प्याली दिली आणि माझं पेन्सिलीनं काढलेलं व्यंगचित्र समोर ओढलं. अठरा वर्षं खुर्ची न सोडलेले आमचे प्रांतप्रमुख जेवणाच्या चादरीपाशी पाहुणे म्हणून बसलेत आणि एक म्हातारी त्यांना चहा ओततेय, एवढंच त्यात होतं.

“हे पोट कमी कर, उमुत.”

पोट खोडलं.

“नाकावरचा मस काढ. या वयात मला पेपर बंद पडलेला बघायचा नाहीये.”

मस गेला, पाठोपाठ छातीवरची पदकंही गेली. प्रांतप्रमुखांची ती सदा तिरकी टोपी तेवढी बाइकेंनी राहू दिली. का, ते कळेना.

“आता यात मी म्हटलंय तरी काय?” मी चिडले.

त्यांनी भिंग उचललं. ते सरकत सरकत म्हातारीच्या हाताखालच्या प्यालीवर आलं आणि तिथून हलेचना. मीच खोडरबर पुढे केलं.

“ही पण पुसू?”

“चहा काठाला लागलाय.”

“हो, बाइके.”

“छापल्यावर एवढंसं दिसायचं नाही.” त्यांनी खोडरबर स्वतःच्या खिशात टाकलं आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. “चादरीवर सांडू दे.”