डुकरांचा बंदोबस्त

या माउली, असे जवळ सरका. आमच्या केदारखेड्याची एक गंमत ऐकवतो.

यंदा मक्यात रानडुकरं शिरू नयेत म्हणून गावातल्या धर्मराजनं पेरणीच्या आधीच वावराभोवती झटका मशीनची विजेची तार ओढली. तेवढ्यावर भागलं नाही. पार तिकडं आष्टीला, साडूच्या वावरालाही आपल्याच खर्चानं तार लावून आला. बायको सगुणाबाई म्हणाली, "अवो, आष्टीची डुकरं इतक्या लांब कशाला येतील?"

"तुला न्हाई कळायचं. दुश्मन तिकडंच अडवायचा असतो!"

मंग गावात सप्ता बसला. महाराजांनी कीर्तनात एका बलाढ्य देशाची गोष्ट सांगितली. त्या देशानं सात समुद्रापार दुसऱ्यांच्या दारात फौजा बसवल्या, तोफांवर तोफा घेतल्या, आणि घरच्या शाळांवर छप्पर घालायला पैसा उरला नाही. पुढंच बसलेला धर्मराज मांडीवर थाप मारून हसला, "बिलकुल येडा देश, महाराज!"

तशी बायकांच्या बाजूनं सगुणाबाई पदर सावरत उठली. "महाराज, यांनाच इचारा, आमच्या बियाण्याचा पैसा कुठं गेला? सगळा तारंत! वावर तसंच मोकळं पडलंय, एक दाणा पेरला न्हाई."

सारा मंडप हसला. धर्मराज मात्र ताठ उभा राहिला.

"पण महाराज, तार लावल्यापासून एक तरी डुक्कर आत शिरलं का, ते इचारा ना तिला!"

माउली, आरतीला टाळी वाजवाल तेव्हा आमच्या सगुणाबाईची तेवढी आठवण ठेवा, तिला याच माणसासंगं संसार करायचाय.