उतरलेली तार

काचेपलीकडे ताईने गिटार गळ्यात अडकवली, तेव्हा धाकटा भाऊ रेकॉर्डिस्टशेजारी सोफ्यावर ऐसपैस रेलला होता. त्याचं वाजवून झालं होतं. घरात आणि बँडमध्ये त्याला सगळे गिरणी म्हणत. बोटं एकदा सुरू झाली की दळण संपल्याशिवाय थांबायची नाहीत. आजही एक सूर इकडचा तिकडे झाला नव्हता. रेकॉर्डिस्टने तर कौतुकाने हात जोडले होते.

गाण्याच्या मधल्या तुकड्यात गिटार एकाचीच वाजणार होती आणि ती जागा दोघांनाही हवी होती. दोघांचं वाजवून घ्यायचं, मग एक ठेवायचं, असं ठरलेलं. गिरणीच्या मते निकाल लागलाच होता. बिचारी ताई उगाच घाम गाळणार.

ड्रम सुरू झाले. ताईने चार सूर घेतले न घेतले तोच रेकॉर्डिस्ट पुढे झुकला.

"तिसरी तार उतरलीय. थांबवतो."

गिरणीलाही ते कळलं होतं. असल्या बाबतीत त्याचा कान भारी तिखट. ताईलाही कळलं असावं, तिच्या कपाळाला आठी पडली. पण ती थांबली नाही. त्या तारेवरचा प्रत्येक सूर ती बोटाने ओढून जागेवर आणू लागली. सूर खालून निघायचा, रेटत रेटत वर यायचा, आता काही पोचत नाही असं वाटत असतानाच पोचायचा. एक तर पोचता पोचता थरथरला.

"अहो, थांबवू ना?"

"हात लावू नका," गिरणी म्हणाला. सोफ्यावरून उठून आपण काचेला कधी चिकटलो, हे त्यालाच कळलं नव्हतं. जागा हातची गेली, हे त्याने ओळखलं होतं. आणि तरी हे संपू नये असंच वाटत होतं.

ताई बोट चोखत बाहेर आली. "सगळा विचका झाला रे. ऐन वेळी तारेने दगा दिला. तुझंच ठेवू."

"माझं पुसून टाका," गिरणीने रेकॉर्डिस्टला सांगितलं.

"वेडा आहेस का? इतकं सफाईदार वाजवलंस."

"हो. वाजवताना एकदाही धाकधूक झाली नाही मला." तो ताईकडे वळला. "ताई, कसं ओढत होतीस तू ते?"

"कसं म्हणजे? उतरली होती तार. मग काय करणार?"

रेकॉर्डिस्टने ताईचा तुकडा पुन्हा लावला. गिरणी आपली गिटार घेऊन आत गेला. तिच्या टोकाला सदा चिकटलेला, तार जुळली का ते दाखवणारा ट्यूनर त्याने काढून खिशात टाकला, तिसरी खुंटी हळूच फिरवून चांगली जुळलेली तार उतरवली आणि डोळे मिटून एक सूर वर ओढला.

जरासा कमी पडला. त्याने पुन्हा ओढला.