कपाटाची कडी

गेममध्ये खेळणाऱ्याला ज्या वस्तू हाताळता येतात, त्या मी बनवतो. दारं, खण, दिवे. माणसं दुसरे बनवतात. या वेळी एक लाकडी कपाट हवं होतं. मी आमच्या घरातलंच आठवून केलं, बाहेरून कडी असलेलं.

लहानपणी लपाछपीत धाकटी बहीण त्या कपाटात लपली, तेव्हा मी कडी घातली आणि खेळायला निघून गेलो. आईला सांगितलं, कडी आपोआप पडली. बहीण अजून लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. आई तो किस्सा पाहुण्यांना हसत सांगते, आणि मीही हसतो.

दुपारी टेस्टिंगवाली माझ्या टेबलाशी आली. "सर, तुमच्या कपाटाची कडी आपोआप पडते."

माझे कान तापले. बटण दाबल्याशिवाय ती कडी हलूच शकत नव्हती.

"आपोआप कशी पडेल?" मी जरा चढ्या आवाजातच म्हणालो.

तिने स्क्रीनवरचं चित्र थांबवून मोठं केलं. "खरंच की, आपोआप नाही. हात आहे इथे. लहान मुलाचा." मग ती वाकून बघू लागली. "मनगटावर भाजल्याचा डागसुद्धा केलाय तुम्ही."

मी शर्टाची बाही खाली ओढली.