लाल होऊ दे

दिवा हिरवा झाला आणि शिंप्याने वाक्य मध्येच तोडलं.

“आता तो माणूस दुकान बघायला येईल, तेव्हा तू फक्त—”

घरचं आवरून नुकतीच येऊन आत काज-बटणांच्या टेबलाशी बसलेली त्याची बायकोही मान खाली घालून गप्प झाली. चौकात दुकान थाटल्यापासून दोघांची हीच रीत होती. समोरचा सिग्नल हिरवा झाला की मोटारींचा असा लोंढा सुटायचा, की आपलंच बोलणं आपल्याला ऐकू यायचं नाही. म्हणून बोलायचं ते लाल दिव्यात. गिऱ्हाईक मध्येच बोलू लागलं तर शिंपी हात वर करून सांगायचा, “लाल होऊ दे.” घरी भांडतानासुद्धा दोघांपैकी कुणीतरी ऐन रंगात थांबायचं, आणि दुसरं निमूट वाट बघायचं.

सवय जाता जात नाही. आज चौकात एकही मोटार नव्हती.

सकाळपासून रस्ता मोटारींना बंद झाला होता. मधून ट्राम, कडेने सायकली, उरलेला सगळा रस्ता चालणाऱ्यांचा. सिग्नल तेवढा ट्रामसाठी ठेवला होता. ही बातमी कळल्यापासून महिनाभर शिंप्याचं डोकं फिरलेलं होतं. मोटारी गेल्या म्हणजे गिऱ्हाईक गेलं, हा त्याचा हिशोब. सकाळी एकजण सायकलच्या साखळीत फाटलेली विजार शिवून घेऊन गेला होता खरा, पण शितावरून भाताची परीक्षा करायला शिंपी तयार नव्हता. दुकान विकायचं त्याने पक्कं केलं होतं.

ट्राम गेली. कापडावरून इस्त्री फिरावी, तशी गेली.

आणि त्याला गाणं ऐकू आलं.

त्याने आधी बाहेर पाहिलं. एक म्हातारा भर रस्त्यात उभा राहून आरामात चष्मा पुसत होता. दोन सायकली गेल्या. गाणारं कुणी नव्हतं. मग त्याने वळून पाहिलं.

बायको गात होती. सुई बटणातून जात-येत होती, नजर बटणावर होती, आणि मोकळ्या गळ्यातला आवाज छतापर्यंत चढत होता. शिंप्याच्या अंगावर काटा आला. चार हातांवर बसून आपण इतकी वर्षं नुसत्या गाड्या ऐकल्या, एवढं एकच त्याच्या मनात आलं.

दिवा लाल झाला. गाणं कात्रीने कापावं तसं थांबलं. बायकोने मान वर केली.

“हं, बोला. मी फक्त काय?”

तिने शिंप्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्यामागच्या रस्त्याकडे. आणि तिच्या लक्षात आलं.

“अगं बाई! आज गाड्या...” तिने तोंडावर हात ठेवला. “तुम्ही ऐकलंत?”

“तू गातेस?”

“हिरव्यात काय करायचं मग? तुम्ही आपले रस्त्याकडे बघत बसायचात.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून.”

“कुणाचं गाणं हे?”

“कुणाचं काय? माझंच.”

शिंप्याने गळ्यातला टेप काढून उगाच परत गळ्यात घातला. “पुढचं म्हण.”

“पुढचं नाहीये.”

“म्हणजे?”

“तेवढ्यात लाल होतो,” ती म्हणाली. “माझी सगळी गाणी तेवढीच आहेत.”

“मग आता जुळव की पुढचं! आता काय घाई आहे?”

“काहीतरीच तुमचं. एवढ्या शांततेत? शब्द न् शब्द ऐकू जाईल.” तिने गालावरचे केस मागे सारले आणि बटण हातात घेतलं. “झालं ते झालं. आता नाही गाणार मी.”

ती गंमत करत नव्हती. इतक्या वर्षांत तिचं ‘नाही’ त्याला चांगलं ओळखू येत होतं. सकाळपासून तो गिऱ्हाइकासाठी मोटारी मागत होता. आता या आवाजासाठी त्या परत याव्यात असं वाटून त्याला स्वतःचीच लाज वाटली.

रिकामं मशीन चालवू नये, दाते झिजतात, यावरून त्याने किती कारागिरांना फैलावर घेतलं होतं. आता त्याने स्वतःच सुईतला दोरा काढला. खाली कापड नव्हतं. त्याने बायकोकडे पाठ केली, तोंड रस्त्याकडे केलं आणि पायडल मारायला सुरुवात केली. जुनं मशीन खडखडू लागलं. त्याने आणखी जोर लावला.

दिवा हिरवा झाला.

मग त्या खडखडाटाच्या आडून, आधी चाचरत, आवाज आला.

दुकान बघायला येणारा माणूस तेवढ्यात ट्राममधून उतरून, रस्ता ओलांडून दारात आला. “नमस्कार! मग काय ठरवलंत दुकानाचं?”

शिंप्याने पायडल न थांबवता हात वर केला. “लाल होऊ दे.”

माणसाने मोकळ्या रस्त्याकडे पाहिलं, बिनकापडाच्या मशीनकडे पाहिलं, आणि तो काही विचारणार तोच आतला आवाज त्याच्या कानावर पडला. तो उंबऱ्यावरच उभा राहिला.

दिवा लाल झाला. शिंप्याचा पाय सवयीने थांबला. मशीन गप्प झालं.

आत गाणं पुढे चाललं होतं.