हिरवी रेघ

संगणकाच्या पडद्यावर आधीचं चित्र पुसट लाल दिसायचं आणि पुढचं पुसट हिरवं. मधलं आपण काढायचं. ॲनिमेशनवालीचा निम्मा जन्म या लाल-हिरव्यात गेला होता आणि ती त्यात मजेत होती.

स्वप्नात वरचेवर येणाऱ्या एका मुलीची छोटीशी मूक फिल्म ती करत होती. मुलगी दूर एका पायरीवर पाठमोरी बसलेली. शेवटचं चित्र संपवून तिने समाधानाने पाठ टेकली.

"झालं का गं?" स्वयंपाकघरातून नवऱ्याने विचारलं.

"झालं एकदाचं! चहा टाक."

घरात दोघंच. मूल नव्हतं, आणि आता त्याचं वाईटही वाटेनासं झालं होतं.

तेवढ्यात पडद्यावर हिरवी रेघ उमटली. पुढे चित्र नव्हतंच, तरी उमटली. त्या रेघेत मुलीने मान वळवली होती. 'आयतं मिळतंय, तर सोडायचं कशाला,' म्हणत ॲनिमेशनवालीने ते चित्र गिरवलं. लगेच पुढची रेघ आली. मुलगी उठली, जवळ येऊ लागली. हात कसा झरझर चालत होता! इतकी देखणी चित्रं तिने उभ्या आयुष्यात काढली नव्हती.

शेवटी पडदाभर नुसता चेहरा उरला. कपाळ नवऱ्याचं, हनुवटी तिची स्वतःची.

मग ओठ हलले. मिटले, उघडले. पुन्हा मिटले, पुन्हा उघडले. ओठांवरून अक्षर ओळखणं हा तर तिचा धंदाच.

बा. बा.

आणि स्वयंपाकघरातून, रोज द्यावी तशी, नवऱ्याने ओ दिली. "आलो गं बाळा!"